कागदावरची उत्तर दिशा

सूर्य पश्चिमेला मावळतो या गोष्टीवर माझा लहानपणापासून पूर्ण विश्वास होता. कोणी मला त्याचा पुरावा दिला नव्हता आणि मीही कधी मागितला नव्हता. पण गेल्या हिवाळ्यात आंजीला एका तेल कारखान्याच्या आवारात, हातात सही-शिक्क्याचं ड्रॉइंग धरून मी उभा होतो आणि माझ्या डोळ्यांदेखत सूर्य उत्तरेला मावळला. तेव्हापासून माझं डोकं जे फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही. इंजिनिअर माणसानं असं बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे! त्यांना एकदा आंजीला त्या जागी उभं करा आणि मग विचारा.

आधी माझा धंदा सांगतो, कारण वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या सिंदी मेघेच्या गल्लीत तो कोणालाच कळलेला नाही. मी पाइप स्ट्रेस इंजिनिअर आहे. गल्लीचं मत असं, की प्रफुलभाऊ घरी बसून नळाचं काम करतात. समोरचे मधुकरराव, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या कामावर देखरेख ठेवणारे गृहस्थ, एकदा न्हाणीघरातला गळका नळ काढून थेट माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवून गेले. ‘सवडीनं पाह्यजा,’ म्हणाले. मी त्यांना बसवून समजावलं, की मधुकरराव, कारखान्यात वाफेचा पाइप असतो. तो तापला की लांबतो, आणि लांबला की ज्याला जोडलाय त्याला ढकलतो. ही ढकलाढकली किती होईल ते कारखाना सुरू व्हायच्या आधी मोजून ठेवायचं, हे माझं काम. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे वायसर बदलावं लागते काय?’

मी वायसर बदलून दिलं.

तर मी नोकरीला पुण्याच्या एका कंपनीत आहे. लॉकडाउनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो तो इथंच रुळलो. ज्योत्स्नाला, म्हणजे माझ्या बायकोला, इथल्या शाळेत नोकरी लागली. तिची आई इकडच्याच, वर्ध्याकडच्या तळेगावला एकटी असते, तिच्याकडे दर रविवारी जाता येऊ लागलं. पुण्यात असताना ही बाई रविवारी खिडकीत बसून समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे पाहत बसायची. इथं ती गल्लीभर हसते. असं सगळं छान चाललं असताना आमच्या दाबके सरांचा पुण्याहून फोन आला. पुरे झालं घरून काम, सगळ्यांनी परत या. मी बरीच गयावया केली. शेवटी सर म्हणाले, ‘असं करा, तुमच्या वर्ध्याचंच एक छोटं काम आलंय. एकट्यानं पार पाडून दाखवा. क्लायंटची एक जरी तक्रार माझ्या कानावर आली, तर बॅग भरायची. नाही आली, तर राहा तिकडेच.’

ज्योत्स्ना दारात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, ‘मले पुन्हा त्या दोन खोल्यांत नाई जायचं. तक्रार येऊ देऊ नका.’ आवाज जराही चढवला नाही तिनं. ती ओरडते तेव्हा मला काही वाटत नाही. हळू बोलली की मात्र मी मुकाट कामाला लागतो.

काम म्हणाल तर अगदी एवढंसं. आंजीजवळ ताराचंदशेठ सोयाबीनच्या तेलाचा कारखाना काढत होते. त्यात एक बॉयलर, आणि पलीकडे एक उभी गोल टाकी. आमच्या भाषेत तिला व्हेसल म्हणतात, कारण टाकी म्हटलं की मधुकररावांसारखी माणसं लगेच सल्ला द्यायला येतात. टाकीच्या पोटाला पाइप जोडण्यासाठी एक आखूड तोंड काढलेलं असतं, ते नोझल. बॉयलरपासून त्या नोझलपर्यंत वाफेचा एक पाइप. पाइप तापल्यावर नोझलवर कुठल्या दिशेनं किती जोर येतो ते मी सांगायचं, आणि टाकी बनवणाऱ्या कारखान्यातला निकेश नावाचा डिझाइनर ‘झेपेल’ किंवा ‘नाई झेपत’ असं सांगणार. संपलं. यात तक्रारीला जागा कुठं आहे, तुम्हीच सांगा.

शेठजींनी ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. फोटो आडवा होता आणि एका कोपऱ्यात शेठजींचा अंगठा होता, पण मी तेवढ्यावरून ओळखलं. हा आर्वीकडे जाणारा रस्ता, ही बाभळीची रांग, हा नाला. अहो, माझं आजोळ आंजीचं! तिथं उत्तर कुठं आणि पूर्व कुठं हे मला कागदावरून शिकायचं होय? आमच्याकडे पंगतीत वाढणारा माणूससुद्धा ‘जरासा पूर्वेले सरक’ असं म्हणतो. ड्रॉइंगच्या वरच्या बाजूला उत्तरेचा बाण काढलेला होता. पुण्याच्या पोरानं आधी तो पाहिला असता. मी पाहिलाही नाही. मी रस्त्यावरून उत्तर धरली आणि कामाला लागलो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन रेषा असतात. एक्स म्हणजे पूर्व, वाय म्हणजे वर आभाळाकडे आणि झेड म्हणजे दक्षिण. सगळं जग या तीन रेषांवर मांडायचं. मी मांडलं. नोझल पूर्वेकडे तोंड करून, पाइप पूर्वेकडून येऊन त्याला भिडलेला, म्हणजे एक्सच्या दिशेनं टाकीच्या पोटात सरळ ढकलणार. जोर तसा माफक होता. पाठवून दिलं आणि ज्योत्स्नाला म्हटलं, ‘रविवारी तळेगाव पक्कं.’

दुसऱ्या दिवशी निकेशचा फोन. ‘सर, तुमचा आडवा लोड लय होऊन राह्यला. नोझल बाजूले पिरगळून निघन.’

पोटात ढकललं तर टाकी बरंच सहन करते. पण नोझल धरून तिच्या गोलाईच्या अंगानं आडवं रेटलं तर ती कुरकुरते. हे मला ठाऊक आहे, मी पंधराएक वर्षं हेच करतोय. मी म्हटलं, ‘निकेश, आडवा जोर तर नगण्य आहे.’

‘नाई सर. आडवाच जास्त आहे. तुमच्याच रिपोर्टात लिहून आहे.’

आता समोरचा माणूस माझाच रिपोर्ट मला वाचून दाखवायला लागला की मी फार बोलत नाही. मनाला लागतं. मी आडवा जोर अजून कमी करायला घेतला. त्यासाठी पाइपला एक वळसा द्यायचा असतो. सरळ जाण्याऐवजी तो बाजूला जाऊन परत येतो, म्हणजे तापल्यावर त्याला वाकायला जागा मिळते. मधुकरराव पेपर मागायला आले होते, ते स्क्रीनकडे बघत उभे राहिले.

‘सरळ रस्ता सोडून त्याले गावभर काऊन फिरवून राह्यले?’

‘गरम होतो ना तो. मोकळं व्हायला जागा पाहिजे.’

‘मंग थंड ठेवा.’

‘मधुकरराव, त्यात वाफ आहे!’

‘हाव, मंग पानी सोडा,’ ते म्हणाले आणि पेपर घेऊन गेले.

निकेशला वळसा पाठवला. ‘सर, आडवा लोड तेवढाच आहे.’ वळसा मोठा केला. ‘सर, जराबी फरक नाई.’ माझ्या स्क्रीनवर आडवा जोर पार शून्याला टेकला होता आणि हा माणूस म्हणतोय फरक नाही! मी चिडून वळसा असा वाढवला, की तो शेठजींच्या स्कूटर स्टँडमधून निघाला, चौकीदाराच्या खोलीवरून गेला आणि कंपाउंड ओलांडून शेजारच्या तुरीच्या वावरात जाऊन परत आला. पाठवून दिला. म्हटलं, घे बाबा!

यावेळी निकेशचा फोन आला नाही. ताराचंदशेठचा आला.

‘इंजिनिअर साहेब, मले बॉयलरची वाफ टाकीत न्यायची होती. तुम्ही तं आर्वीले घेऊन चालले!’

मी लवचिकपणा, प्रसरण वगैरे बोलायला लागलो. शेठजींनी मधेच तोडलं. ‘ते सब ठीक है. पन शेजाऱ्याच्या तुरीतून माझा पाइप कसा जाईन? तो माझ्या अंगावर कुत्रे सोडते. दाबके साहेबाले फोन लावू का मी?’

‘नाही, नाही, नाही,’ मी म्हणालो. तीनदा म्हणालो असं ज्योत्स्नानं नंतर सांगितलं. ती पोळ्या करताना ऐकत होती आणि त्या दिवशीच्या पोळ्या मी न बोलता खाल्ल्या. ‘उद्या साइटवर येतो शेठजी, स्वतः येतो.’

निघताना मधुकरराव स्कूटरवर मागं येऊन बसले. त्यांना मी बोलावलं नव्हतं. ‘बँकेत असताना लय साइटी पाह्यल्या मी,’ म्हणाले. ते रस्ताभर वळणावळणाला ‘आता डाव्या हाताले’ असं सांगत होते. माझ्या आजोळचा रस्ता आणि हे मला डावा हात दाखवतायत.

कारखान्यात शेठजी स्वतः हजर होते. उंच, अंगानं भरलेले, कपाळावर गंध, आणि बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण धरायची सवय. त्यांनी माझ्या हातात खऱ्या ड्रॉइंगचा कागद दिला. सगळं जागच्या जागी होतं, बाभळी, नाला, बॉयलरचा पाया. मी म्हटलं, ‘तर हा आपला ईशान्येचा बॉयलर.’

शेठजींचा चेहरा पडला. ‘आग्नेयेचा!’

‘ईशान्येचा आहे शेठजी.’

‘आग्नेयेचा आहे म्हणतो ना मी!’ आणि त्यांनी माझं बटण धरलं.

मी ड्रॉइंग डोळ्यांसमोर धरलं. उत्तरेचा बाण या वेळी नीट दिसत होता, चांगला जाड, टोकाला लाल शाई. ड्रॉइंग जमिनीशी जुळवून धरलं आणि बाणाच्या टोकाच्या रेषेत पाहिलं, तर समोर तांबडा लाल सूर्य. बाभळींच्या मागं हळूहळू बुडत होता. म्हणजे उत्तरेला. मी कागद पाहिला, सूर्य पाहिला, पुन्हा कागद पाहिला.

मधुकररावांनी खांद्यावरून डोकावून विचारलं, ‘सूर्य चुकून राह्यला काय?’

त्याच वेळी टिनाच्या शेडमध्ये चहा पीत बसलेले गोपाल गुरुजी उठून आले. गुरुजी वास्तूचे जाणकार, शेठजींचा त्यांच्यावर भारी विश्वास. माणूस हसतमुख होता. त्यांनी सगळा उलगडा फार प्रेमानं केला. बॉयलर म्हणजे अग्नी, तो आग्नेयेलाच पाहिजे. पण शेठजींच्या जागेत नाला असल्यामुळे बॉयलर ईशान्येच्या कोपऱ्यातच बसत होता. ईशान्येला अग्नी म्हणजे सत्यानाश. पाया तर भरून झालेला.

‘मंग बॉयलर हलवता येत नाई म्हटल्यावर काय हलवायचं?’ गुरुजींनी मला विचारलं, तोंडी परीक्षा घेतात तसं.

‘काय?’

‘दिशा.’

‘दिशा हलवता येते?’

‘कागदावर येते ना! बाण पाव चक्कर फिरवला. मंग या नकाशाचीच पूजा घातली. संकल्पात म्हटलं, या नकाशात जी उत्तर तीच या वास्तूची उत्तर. बॉयलर आग्नेयले आला का नाई?’

आला होता. मी कागदावर बोट ठेवून तपासलं, बरोबर आग्नेयेला आला होता. आणि मग माझ्या डोक्यात सगळं एकदम उजाडलं, म्हणजे उजाडायला लागलं आणि मधेच गोंधळलं. मी जमिनीवरची उत्तर धरली होती. निकेशनं कागदावरची धरली होती. माझा एक्स पूर्वेला, त्याचा एक्स माझ्या उत्तरेला! मी ‘पोटात सरळ ढकलतो’ असं लिहायचो आणि तो ते ‘आडवं रेटतो’ असं वाचायचा. मी माझा आडवा जोर कमी करत तुरीच्या वावरात पोचलो, आणि त्याचा आडवा जिथल्या तिथं, कारण तो आडवा नव्हताच, माझा सरळ होता. अरे देवा!

‘शेठजी,’ मी म्हटलं, ‘हा बाण आपण सरळ करून टाकू. सगळा घोळ मिटतो.’

‘बाणाले हात लावायचा नाई,’ शेठजी म्हणाले. या वेळी त्यांनी दोन बटणं धरली. ‘पूजा झाली आहे त्या बाणाची. तुमच्या रिपोर्टात दुसरी उत्तर दिसली, तं मी तिथूनच पुण्याले फोन लावीन.’

‘मग मी कागदाची उत्तर धरतो.’

‘अन् पाइपचे खांब?’ मधुकरराव म्हणाले. त्यांचं म्हणणं खरं निघालं, हे मला आवडलं नाही. पाइपखालचे खांब उभे करणाऱ्या मिस्त्रीनं कोणालाही न विचारता सूर्यावरून खड्डे आखले होते. कागदाची उत्तर रिपोर्टात लिहिली तर तो माणूस खांब नाल्यात उभे करणार, आणि खरी लिहिली तर शेठजी फोन लावणार. निकेशला फोन केला, तर तो म्हणाला, ‘सर, ड्रॉइंगवर शिक्का आहे. मी शिक्क्याचीच उत्तर मानीन. मले सूर्याशी काय करायचं?’

परतताना चहाच्या टपरीवर थांबलो. मला एकच गोष्ट समजून घ्यायची होती: कागद पाव चक्कर फिरवायचा तर कुठल्या हाताला? आणि कागद फिरला तर मी जागेवर राहायचं, की मीही फिरायचं? ड्रॉइंग छातीशी धरून मी जागच्या जागी डावीकडे वळलो. मग उजवीकडे वळून पाहिलं. मग कागद तसाच धरून मधुकररावांना माझ्याभोवती फिरायला लावलं. टपरीवरच्या लोकांनी चहा बाजूला ठेवला. एकानं विचारलं, ‘काय झालं भाऊले?’ मधुकरराव गंभीरपणे म्हणाले, ‘नळाचं काम आहे.’

घरी आलो तेव्हा ज्योत्स्नाला सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, ‘म्हणजे फोन जाईन पुण्याले?’ मी ड्रॉइंगची गुंडाळी करत राहिलो. ती उठून आत गेली आणि मला तिच्या आईशी फोनवर बोलल्याचा आवाज आला, ‘नाई आई, काई नाई झालं, असंच फोन केला.’ तो ‘असंच’ ऐकून मला इतकं वाईट वाटलं, की मी उठून माजघरातली गव्हाची कोठी ओढत बाहेर आणली.

हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण गव्हाची पत्र्याची कोठी पाहिली आहे ना तुम्ही? उभी, गोल, आणि खालच्या बाजूला गहू काढायला झाकणाचं एक तोंड. म्हणजे थेट व्हेसल आणि नोझल! घरात इतके दिवस उभं होतं आणि माझं लक्ष नव्हतं. मी कोठी बैठकीच्या मधोमध आणली आणि तिचं तोंड पूर्वेला करायला लागलो. मग आठवलं, कागदाची पूर्व वेगळी आहे. पुन्हा फिरवली. पुन्हा मागं फिरवली. फरशीवर चार गोल चरे पडले.

‘काऊन फिरवून राह्यले तिले?’ ज्योत्स्ना दारातून ओरडली. ती ओरडली म्हणून मला जरा बरं वाटलं.

‘तोंड उत्तरेला येतंय की पूर्वेला, ते पाहतोय.’

‘कोठीले काय माहीत उत्तर कुठी आहे? तिले आपलं तोंड माहीत, आपलं पोट माहीत!’

मी कोठी सोडली आणि तिच्यावरच बसलो. हो की! नोझलला पूर्व-पश्चिम कशाला पाहिजे? त्याला एवढंच सांगायचं, की बाबा, पोटाच्या आत इतकं ढकलणार, उभं वर-खाली इतकं, आणि गोलाईच्या अंगानं आडवं इतकं. टाकी आंजीला असो की अंटार्क्टिकाला, गुरुजींनी बाण कुठंही फिरवो, नोझलचं ‘आत’ ते आतच राहणार. आमच्या पुस्तकांत याला नोझलचे स्वतःचे अक्ष म्हणतात. मी हे शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं. अंगाला लागलं नव्हतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी शेठजी आणि निकेश, दोघांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. लॅपटॉपसमोर कोठी, कोठीशेजारी मी, आणि पाइप म्हणून मधुकरराव. त्यांनी हात सरळ लांब करून मूठ कोठीच्या तोंडाच्या झाकणावर टेकवली.

‘शेठजी, उत्तर विसरा,’ मी म्हटलं.

‘विसरलो,’ शेठजी म्हणाले. त्यांच्या मागं गुरुजीही डोकावत होते.

‘हे नोझल. हे त्याचं आत. मधुकरराव, आत ढकला.’

त्यांनी ढकललं. ‘हे उभं.’ त्यांनी वर-खाली केलं. ‘आणि हे आडवं.’ मधुकररावांचा बँकेतला इतक्या वर्षांचा दबलेला उत्साह बहुधा त्या क्षणी बाहेर पडला. त्यांनी असं काही आडवं रेटलं, की झाकण कडेनं सरकलं, निसटलं आणि खणखणत टीव्हीखाली गेलं. मागून गहू आला. अहो, कोठी नुकतीच भरलेली! मी तळवा लावला, तर बोटांमधून गहू. मधुकररावांनी गुडघा लावला, तर गुडघ्याच्या दोन्ही बाजूंनी गहू. ज्योत्स्ना परात घेऊन धावली.

‘याले म्हणतात आडवा लोड!’ लॅपटॉपमधून निकेश ओरडला. ‘असाच फेल होते सर!’

‘पण आपल्याकडे आडवा नाहीच आहे,’ मी गव्हात बसून ओरडलो. ‘सगळा जोर आत आहे!’

‘आत म्हणजे टाकीकडे का पाइपकडे? पाइप नोझलले ढकलून राह्यला, का नोझल पाइपले?’

इथं मी अडकलो. सॉफ्टवेअर आकड्यापुढं उणे चिन्ह दाखवत होतं. आता ते उणे पाइपच्या बाजूनं की टाकीच्या बाजूनं? मी मधुकररावांना विचारलं, ‘तुम्ही कोठीला ढकलताय की कोठी तुम्हाला?’ ते म्हणाले, ‘मले तं दोघंबी ढकलून राह्यले.’ त्यात निकेशनं विचारलं, आडवा जो थोडासा आहे तो डावीकडे की उजवीकडे? मी हात दाखवला. तो म्हणाला, तुमचा डावा का माझा डावा? मी हात बदलला, तर स्क्रीनवरच्या माझ्यानं भलताच हात वर केला होता.

शेवटी निकेशच कंटाळला. ‘जाऊ द्या सर. मी आत ढकलून बी पाह्यतो अन् बाहेर ओढून बी. डावं बी, उजवं बी.’ थोडा वेळ त्याच्या कीबोर्डचा आवाज आला. ‘पास आहे सर. कसंबी करा, पास. तुमचा पहिलाच सरळ पाइप बी चालते. वळसा पाह्यजेच नाई.’

रिपोर्ट मी त्याच दिवशी पाठवला. त्यात उत्तर नव्हती, पूर्व नव्हती, एकही दिशा नव्हती. आत, उभं आणि आडवं, बस. खांबांना हात लावायची गरज उरली नाही, बाण जागेवर राहिला. गुरुजींनी मुद्दाम निरोप पाठवला की रिपोर्ट शास्त्राला धरून आहे. ज्योत्स्ना अंगणात गहू पाखडत बसली होती, माझ्यावर रागावलेली होती, पण मधेमधे गुणगुणत होती.

आणि मग दाबके सरांचा फोन आला.

‘प्रफुल, ताराचंदशेठचा फोन आला होता मला.’

ज्योत्स्नाचं सूप थांबलं.

‘अर्धा तास तुमचं कौतुक करत होते! म्हणाले, असा इंजिनिअर पाहिला नाही, उत्तरेशिवाय काम करतो. मी रिपोर्ट पाहिला. काय स्वच्छ काम आहे हो! इथं पोरं वर्षभर याच गोष्टीत गोंधळ घालतायत, नोझलचे अक्ष कोणालाच कळत नाहीत. तुम्हाला विषय आरपार समजलाय. मी ठरवलंय, तुम्ही पुण्याला या. प्रमुख म्हणून. तुमच्या हाताखाली सगळी पोरं देतो, त्यांना हे शिकवा.’

पंधरा वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो, खोटं कशाला बोलू? गल्लीनं मला नळवाला केलं, निकेशनं माझाच रिपोर्ट मला वाचून दाखवला, कोठीतून गहू सांडला, आणि आता साक्षात दाबके सर म्हणत होते की विषय मला आरपार समजलाय. मी ताठ उभा राहिलो. तोंडातून ‘हो सर’ निघणारच होतं.

अंगणात ज्योत्स्ना सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिला माझ्या चेहऱ्यावरून सगळं कळलं असावं. तिनं नुसती मान खाली घातली आणि सुपातले खडे वेचायला लागली.

‘सर,’ मी म्हणालो, ‘खरं सांगू का? मला काहीही समजलेलं नाही.’

‘काय?’

‘ते उणे चिन्ह सर. ते कोणाच्या बाजूनं घ्यायचं ते मला अजून कळलेलं नाही. टाकीवाल्यानं दोन्हीकडून करून पाहिलं म्हणून निभावलं. कागद फिरवताना माझं डावं-उजवं होतं. आकृती काढली की समजतं, आणि आकृती मिटली की जातं. मी पोरांना शिकवलं तर ती पोरं कामातून जातील सर.’ बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की यातलं एक अक्षरही मी रचून सांगत नव्हतो, आणि कान गरम झाले.

मग सर अगदी हळू म्हणाले, ‘हे तुम्ही आणखी कोणाला बोललात?’

‘नाही सर.’

‘बोलू नका. राहा तुम्ही तिकडेच. इकडे येऊच नका.’

फोन बंद झाला. ज्योत्स्ना धावत आली. ‘काय म्हणाले?’ मी म्हटलं, ‘राहा म्हणाले.’ तिनं सूप खाली टाकलं, दोन्ही हातांनी माझा दंड गच्च धरला, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. तिथून ती फोन घेऊन जी ओट्यावर गेली, ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आनंदानं आईला सांगायला लागली, ‘आई, आम्ही नाई जाऊन राह्यलो! हाव, इथंच! अवं, यांले कामातलं काईच समजत नाई, म्हणून सायबानं इथंच ठेवलं!’

समोरच्या ओट्यावरून मधुकररावांनी दोन्ही हात जोडून माझं अभिनंदन केलं.